ॲलर्जीचे थेंब घरी पाठवणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
रुग्णासाठी खास बनवलेले ॲलर्जीचे थेंब घरपोच पाठवणाऱ्या सर्व कंपन्या,
आणि त्या थेंबांच्या चिठ्ठीवर ज्यांची सही असायला हवी ते सर्व डॉक्टर

सादर नमस्कार.

मी बडोद्याची. कारेलीबागेत राहते, एका छोट्या कचेरीत हिशेबाचं काम करते. वैद्यकीय शिक्षण माझं काही नाही. मला बारा वर्षांची मुलगी आहे आणि तिला धुळीची ॲलर्जी आणि दमा आहे. गेल्या मे महिन्यात एका रात्री, तुमच्यापैकी एका कंपनीने घरी पाठवलेल्या बाटलीतले पाच थेंब मी स्वतःच्या हाताने तिच्या जिभेखाली टाकले. तासाभराच्या आत ती इमर्जन्सीच्या खाटेवर होती.

आता ती बरी आहे, म्हणून हे पत्र शांतपणे लिहिता येतंय.

कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. त्या रात्रीनंतर, लेकीच्या शाळेतल्या ज्या मुलांच्या घरी असे थेंबांचे डबे येतात त्यांच्या आईंकडचे कागद मी मागून घेऊन वाचले. डबे वेगळे, रंग वेगळे, उणिवा मात्र त्याच. एका कंपनीचं नाव घेतलं की बाकीच्या म्हणणार, आम्ही त्यातल्या नाही. ती सोय मला कुणाला करून द्यायची नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही चुकीचं वाचाल. घरी घेण्याच्या या उपचाराच्या मी विरोधात नाही. माझ्या मुलीला त्यानेच बरे दिवस दाखवले.

ती सहा-सात वर्षांची असल्यापासून सकाळी उठली की वीस-वीस शिंका. डोळे चोळून चोळून पापण्या सुजायच्या. चोमासं, म्हणजे पावसाळा, लागलं की रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज, आणि उशांचा ढीग करून त्याला टेकून बसलेली ती. २०२२ मध्ये आम्ही तिला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे नेलं. सर्दीच्या गोळ्या त्यांनी आठवडाभर आधी बंद करायला लावल्या, कारण त्या पोटात असल्या तर टेस्ट खोटी येते. मग तिच्या हातावर पेनाने आकडे घातले, प्रत्येक आकड्यापाशी एक थेंब, थेंबावर बारीकशी टोचणी. पंधरा मिनिटांनी दोन ठिकाणी डास चावल्यासारख्या मोठ्या गांधी उठल्या. एक हिस्टामिनची, टेस्ट नीट चालली आहे ना हे कळण्यासाठी मुद्दाम ठेवलेली. दुसरी डस्ट माइटची, म्हणजे गादी-उशीत राहणाऱ्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याची. गाजरगवताच्या आकड्यापाशीही छोटी गांध होती.

डॉक्टरांनी पट्टी लावून गांधी मोजल्या आणि त्यानंतर अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. शिंका घरात जास्त की बाहेर? बागेत खेळून आली की त्रास होतो का? आजीच्या घरी, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात, रात्री काय होतं? (तिथे नेहमीच जास्त व्हायचं. कापसाच्या गाद्या, जड पडदे, भिंतींना ओल.) शेवटी म्हणाले, "गाजरगवत हिच्या हातावर दिसतंय, हिच्या त्रासात दिसत नाही. आपण फक्त माइटवर उपचार करू."

हे वाक्य मी तीन वर्षं जपून ठेवलंय. रुग्णागणिक उपचार म्हणजे काय, ते मला या एका वाक्यात कळलं.

सुरुवातीचे पाच महिने इंजेक्शनं. दर आठवड्याला अर्ध्या दिवसाची रजा, स्कूटरवर मागे लेक, टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसून राहायचं. त्यात तिची शाळा बुडायची आणि माझ्या रजा संपत आल्या. तेव्हा डॉक्टरांनीच जिभेखालच्या थेंबांचा पर्याय काढला. ज्या गोष्टीची ॲलर्जी आहे तीच अगदी थोड्या, ठरलेल्या प्रमाणात रोज द्यायची, थेंब दोनेक मिनिटं जिभेखाली धरून मग गिळायचे, आणि शरीराला तिची सवय लावायची. किमान तीन वर्षं. घरच्या घरी. पण पहिला डोस त्यांनी दवाखान्यातच दिला, समोर अर्धा तास बसवून घेतलं, आणि स्वतःच्या हाताने एक कागद लिहून दिला. ताप असेल, दम लागत असेल, तोंड आलं असेल किंवा दात काढला असेल तर त्या दिवशी थेंब नाहीत. डोस चुकले तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करायचे नाहीत, आधी फोन. आवाज बसला, चेहरा सुजला, पाठोपाठ उलट्या झाल्या तर १०८. खाली त्यांचा स्वतःचा नंबर. तो कागद आमच्या फ्रिजच्या दारावर आजही आहे.

२०२३ च्या नवरात्रात माझी लेक नऊच्या नऊ रात्री गरबा खेळली. मैदानावरच्या एवढ्या धुळीत! पंप माझ्या पर्समध्ये होता, तो एकदाही काढावा लागला नाही. बडोद्यात वाढलेल्या मुलीला नऊ रात्री खेळता येणं म्हणजे काय, ते बडोदेकरांना वेगळं सांगायला नको.

मग ऑगस्ट २०२४. विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, आमच्या सोसायटीचा तळमजला बुडाला, तीन दिवस वीज नव्हती. घरात दूध नासलं, भाजी सडली, आणि माझं सगळं लक्ष फ्रिजच्या दारातल्या त्या इवल्याशा बाटलीकडे. फोन लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फेकून द्या. नवीन मागवू, आणि नवीन बाटलीचा पहिला डोस कमी करून माझ्यासमोर घेऊ." पूर ओसरल्यावर भिंतींना बुरशी धरली होती, लेकीचा दमा बळावला होता. तो ताब्यात येईपर्यंत त्यांनी थेंब सुरू केले नाहीत. थेंब घरीच घ्यायचे होते, पण त्यांची जबाबदारी डॉक्टरांनी एक दिवसही खाली ठेवली नाही.

२०२५ च्या सुरुवातीला त्यांनी वयामुळे दवाखाना बंद केला. फाइल हातात देताना बजावलं, मधेच सोडू नका, केलेलं वाया जाईल. आम्ही दुसरा डॉक्टर शोधत असतानाच तुमची जाहिरात मोबाइलवर आली. ‘तुमच्यासाठीच बनवलेला ॲलर्जी उपचार. दवाखान्याची फेरी नाही.’ नोकरी करणाऱ्या आईला ही दोन वाक्यं किती जवळची वाटतात हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. मी सहा महिन्यांचे पैसे भरले.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, तपासणीची. तुमचा मुलगा घरी आला, रक्त घेऊन गेला. मोबाइलवर एक प्रश्नावली भरायची होती, ती मला चार मिनिटं पुरली. अहवालात अकरा गोष्टींसमोर लाल खूण होती. माइट, झुरळ, दोन बुरश्या, गाजरगवत, गांडो बावळ (वेडी बाभूळ), आणखी दोन झाडं, मांजर, वांगं आणि गहू. मांजर आमच्या घरात कधी नव्हतं. वांग्याची भाजी लेक आठवड्यातून दोनदा आवडीने खाते. रक्तात आयजीई (ॲलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड) सापडलं म्हणजे शरीराने त्या वस्तूची नोंद घेतली, एवढंच. त्रास त्याच वस्तूमुळे होतो का, हे रुग्णाला विचारल्याशिवाय कळत नाही. ते विचारायला तुमच्याकडे माणूसच नव्हता. वांगं आणि गहू तर आयजीजी या वेगळ्याच प्रतिपिंडाच्या तपासणीतून आले होते. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच लिहून ठेवलंय की अन्नाची ॲलर्जी ठरवायला अशी आयजीजी तपासणी वापरू नये. तिच्या आधारावर तुम्ही वाढत्या वयाच्या मुलीची पोळी बंद करायला सांगितली.

दुसरी, मिश्रणाची. अन्नाच्या दोन सोडून बाकी नऊ गोष्टी तुम्ही एकाच बाटलीत घातल्या. याला तुम्ही ‘वैयक्तिक मिश्रण’ म्हणता. अहवाल दुपारी आला आणि मिश्रण ठरल्याचा मेसेज पुढच्याच मिनिटाला आला. एवढ्याशा बाटलीत नऊ वाटेकरी आले की जिचा खरा त्रास आहे त्या माइटच्या वाट्याला किती उरतं? शिवाय बुरशी आणि झुरळ यांच्या अर्कांत प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात, ती परागकणांच्या अर्काची ताकद कमी करतात, म्हणून ते एकत्र करू नयेत, ही या शास्त्रातली जुनी आणि सर्वमान्य गोष्ट आहे. मला ती या वर्षी वाचून कळली. तुम्हाला ती धंदा सुरू करायच्या आधी माहीत असायला हवी होती.

तिसरी, लेबलची. बाटलीवर लेकीचं नाव छान अक्षरांत छापलं होतं. त्याखाली ‘बाटली क्र. ३’. अर्क कुणी बनवला, किती ताकदीचा, बॅच कोणती, काही नाही. प्रश्नावलीत मी खरं तेच लिहिलं होतं, की ही दोन वर्षांहून जास्त काळ थेंब घेत आहे. त्यावरून तुमच्या व्यवस्थेने तिला सरळ वरच्या ताकदीच्या बाटलीवर टाकलं. वेगवेगळ्या उत्पादकांच्या अर्कांची मापं एकसारखी नसतात, एकाचे पाच थेंब म्हणजे दुसऱ्याचे पाच थेंब नव्हेत. उत्पादक बदलला की खालून सुरुवात करायची असते. जुन्या डॉक्टरांनी तर उत्पादक तोच असताना, नुसती बाटली नवी म्हणून, डोस कमी केला होता. ती फाइल माझ्या कपाटात होती. तुम्ही ती मागितली नाही.

चौथी तक्रार बाटली दारात कशी आली याची. बडोद्याचा मे महिना. डबा सकाळी अकराला वॉचमनच्या टेबलावर ठेवून माणूस गेला. मला मेसेज दुपारी तीनला. मी उघडला तेव्हा आतली जेलची पिशवी पाण्यासारखी झाली होती आणि बाटली हाताला चहाच्या कपासारखी कोमट लागली. पत्रकावर तुम्हीच छापलंय, २ ते ८ अंश सेल्सिअस. मी हेल्पलाइनला फोन केला. तिथला मुलगा बोलायला नम्र होता. म्हणाला, "काही होत नाही मॅडम, लगेच फ्रिजमध्ये ठेवा." त्याला हे कुणी शिकवलं? पुरात तीन दिवस बंद फ्रिजमध्ये राहिलेली बाटली ज्यांनी फेकायला लावली, त्या डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात होते. तरी मी त्या मुलाचं ऐकलं. याची बोच मला आहे आणि ती राहणार.

पाचवी त्या रात्रीची.

मेसेज आला, ‘आजपासून सुरुवात! झोपण्यापूर्वी पाच थेंब.’ लेकीला दोन दिवस खोकला होता, संध्याकाळी थोडी धापही लागली होती. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. फ्रिजच्या दारावरचा कागद समोर होता, पण मला वाटलं तो जुन्या बाटलीचा, ही नवी पद्धत असेल. साडेनऊला मी थेंब टाकले. तिने दोन मिनिटं धरून गिळले. आधी ती म्हणाली, "आई, ओठाला मुंग्या येतायत." थोड्या मुंग्या, थोडी खाज येते हे मला माहीत होतं, म्हणून मी थांबले. मग ती गळ्याशी हात नेऊन खाकरायला लागली. पुन्हा पुन्हा. नळाशी जाऊन चूळ भरली आणि माझ्याकडे वळली तेव्हा तिचा वरचा ओठ ओळखू येत नव्हता आणि आवाज घोगरा झाला होता. घड्याळात नऊ चाळीस.

मी तुमचा नंबर लावला. ‘आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत.’ त्यानंतर संगीत. ते संगीत अजूनही कुठे वाजलं की माझे हात गार पडतात.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बेन राहतात, तीस वर्षं नर्स होत्या. माझ्या हाका ऐकून त्या अनवाणी खाली आल्या. लेकीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "चालो, अत्यारे ज!" (चला, आत्ताच!) त्यांच्या मुलाने गाडी काढली. हॉस्पिटलात मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाच-सात मिनिटांत तिचा श्वास मोकळा झाला. नंतर रात्रभर ठेवून घेतलं, कारण अशी रिॲक्शन काही तासांनी पुन्हा उलटू शकते. पहाटे तिने विचारलं, "आई, आता गरबा नाही का?" मला उत्तर देता आलं नाही.

जिभेखालच्या थेंबांनी इतकी मोठी रिॲक्शन येणं फार विरळा आहे, हे मी जबाबदारीने लिहिते, कारण हे वाचून दुसऱ्या कुणा आईने घाबरून चालू उपचार सोडावा असं मला वाटत नाही. बहुतेकांना तोंडात खाज येते, ओठ किंचित सुजतात, तेही सुरुवातीचे काही दिवस. पण विरळा आहे म्हणून तयारी नको, असं जगात कुणी म्हणत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये गवताच्या आणि रॅगवीड नावाच्या तणाच्या परागांवरच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांना मंजुरी मिळाली, २०१७ मध्ये डस्ट माइटवरच्या गोळीला. त्या गोळ्यांवर चौकटीत ठळक इशारा छापलेला असतो: पहिला डोस डॉक्टरांसमोर, त्यानंतर अर्धा तास देखरेख, घरी ॲड्रिनॅलिनची सोय, आणि दमा ताब्यात नसेल तर ही गोळी नाही. कारखान्यात मोजूनमापून बनलेल्या गोळ्यांना एवढी काळजी लागते. नऊ गोष्टींच्या कोमट मिश्रणासाठी तुम्ही आम्हाला एक मेसेज पाठवलात.

सहावी तक्रार थोडक्यात. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव नाही. ‘तज्ज्ञ टीम’ लिहिलंय. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-इंटरनेटवरून उपचार करण्याचे, नियम काढले, त्यात चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा हे स्वच्छ लिहिलंय. कृत्रिम बुद्धिमत्तेने परस्पर रुग्णाला सल्ला द्यायचा नाही आणि औषध लिहून द्यायचं नाही, हेही त्यातच आहे. आमचं मिश्रण एका मिनिटात कुणी ठरवलं, ते मला लेखी कळलं पाहिजे.

सातवी तक्रार जाहिरातीची. ‘दमा मुळापासून जाईल.’ औषधांच्या नियमावलीत परिशिष्ट ‘जे’ नावाची एक यादी आहे. त्यातले आजार आपलं औषध बरे करतं असा दावा कुणी करायचा नाही. श्वासनलिकेचा दमा त्या यादीत आहे. आजाराची चालच बदलू शकणारा हा उपचार आहे आणि चांगल्या हातात तो खूप काही करतो, हे खरं सांगितलं तरी लोक येतील. मी आलेच असते.

आणि शेवटची. घटनेनंतर तिसऱ्या दिवशी तुमच्या कंपनीने पैसे परत करायची तयारी दाखवली. त्यासाठी एका कागदावर सही हवी होती, की याबद्दल मी कुठे बोलणार नाही, लिहिणार नाही. मी सही केली नाही. औषधाचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी २०१० पासून आपल्या देशात राष्ट्रीय कार्यक्रम आहे, रुग्णाला स्वतःलाही फॉर्म भरता येतो. तो मी भरला. तुम्ही तुमच्याकडून भरला का, हा प्रश्न मी दोनदा मेलने विचारला. उत्तर नाही.

आता डॉक्टरांशी दोन शब्द. तुमच्यापैकी बरेच जण या कंपन्यांच्या यादीत आहात, संध्याकाळी तासभर ऑनलाइन बसता. तुमच्याविषयी माझ्या मनात राग नाही. ॲलर्जीचे खरे जाणकार आपल्याकडे थोडे, रुग्ण भरपूर, आणि छोट्या गावातल्या आईला तुमच्यापर्यंत पोचायला फोनच हवा. पण ज्या बाटलीवर तुमची सही होते तिचा पहिला थेंब कुठे पडणार, कधी पडणार, मूल त्या दिवशी खोकत आहे का, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर सही करू नका. इंग्लंडमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागांचा अर्क टोचून या उपचाराला सुरुवात केली. त्याच इंग्लंडमध्ये १९८६ मध्ये औषधसुरक्षा समितीने हिशेब मांडला, की १९५७ पासून या इंजेक्शनांनंतरच्या तीव्र रिॲक्शनने २६ माणसं गेली. मग नियम आला: जीव वाचवायची साधनं जवळ असतील तिथेच टोचायचं आणि नंतर दोन तास रुग्णाला बसवून ठेवायचं. साध्या दवाखान्यांतून हा उपचार जवळजवळ उठलाच. ज्यांना त्याने फायदा झाला असता असे असंख्य लोक त्याला मुकले. आपल्याकडे एखादं मूल दगावलं तर सरकार घरचे थेंबही असेच एका फटक्यात बंद करेल, आणि मग जिला रजा मिळत नाही, जिच्या गावात ॲलर्जीचा डॉक्टर नाही, त्या आईने काय करायचं? या पत्रामागची माझी मोठी भीती हीच आहे.

म्हणून मागण्या. सगळ्या सरळ आहेत, यांतल्या एकीसाठीही नवा शोध लागायला नको.

१. नोंदणी क्रमांक असलेल्या, नावाने ओळखता येणाऱ्या डॉक्टरने रुग्णाशी बोलल्याशिवाय, मूल असेल तर आई-वडिलांसमोर बोलल्याशिवाय, मिश्रण ठरवू नये. जुनी फाइल मागवावी. मिश्रणात जी गोष्ट घातली ती का घातली, हे एका ओळीत लिहून द्यावं.

२. पहिला डोस, आणि उत्पादक किंवा ताकद बदलली की त्यानंतरचा पहिला डोस, जिथे ॲड्रिनॅलिन आणि ते देणारा माणूस आहे अशाच ठिकाणी व्हावा. गावोगावच्या दवाखान्यांशी तुम्ही तसा करार करू शकता. रक्त घ्यायला तुमचा माणूस दारात येतो, मग अर्ध्या तासाची खुर्ची मिळवणं अवघड नाही. दम्याच्या रुग्णाला पाठवायच्या प्रत्येक बाटलीआधी दमा ताब्यात आहे ना, हे डॉक्टरने विचारावं. अन्नाच्या आयजीजी तपासण्या या उपचाराच्या नावाखाली विकणं आजच थांबवावं.

३. बाटलीवर अर्काचं नाव, उत्पादक, ताकद, बॅच, मुदत. मराठीत, गुजरातीत, हिंदीत, रुग्ण म्हणेल त्या भाषेत. सोबत एक पानाचा कागद, की थेंब कधी घ्यायचे नाहीत आणि काय दिसलं की काय करायचं. नमुना हवा असेल तर माझ्या फ्रिजच्या दारावर आहे, फोटो काढून पाठवते.

४. डब्यात तापमान दाखवणारी पट्टी. पट्टीने रंग बदलला तर बाटली विनामूल्य बदलून द्यायची, वाद न घालता. डबा घरच्या माणसाच्या हातात द्यायचा.

५. रात्रीही उचलला जाणारा फोन, आणि पलीकडे वैद्यकीय माणूस. ते जमत नसेल तर ‘झोपण्यापूर्वी’ हा शब्द तुमच्या मेसेजमधून काढा. थेंब सकाळी द्यायला सांगा, घर जागं असतं तेव्हा.

६. आतापर्यंत तुमच्याकडे आलेल्या रिॲक्शनच्या सर्व तक्रारी राष्ट्रीय कार्यक्रमाकडे नोंदवा, आणि तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर पैसे परत करायची पद्धत सोडा.

माझ्या मुलीचे थेंब सध्या बंद आहेत. अहमदाबादच्या एका डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. त्यांनी जुनी फाइल मागितली, आणि फोनवर पहिला प्रश्न विचारला, "आत्ता रात्री खोकते का?" तेवढ्यानेच मला रडू आलं. नवरात्राच्या आधी सुरू करता येतील का, ते तिला तपासून ठरवू म्हणाले. तोवर आम्ही गाद्या उन्हात टाकतोय, चादरी-अभ्रे कढत पाण्यात धुतोय, आणि पंप वेळेवर घेतोय.

तुमची बाटली मी फेकलेली नाही. डबा, जेलची पिशवी, लेबल, तुमचे मेसेज, हॉस्पिटलचा कागद, सगळं एकत्र ठेवलंय. बाटली फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात वेगळ्या डब्यात आहे, त्यावर मी लाल पेनाने ‘घेऊ नये’ लिहिलंय. तुमच्यापैकी कुणाला किंवा औषध खात्यातल्या कुणाला तपासायची असेल तर या. कारेलीबागेत मी संध्याकाळी सहानंतर घरी असते.

आपली,
एका मुलीची आई
वडोदरा